पुण्याच्या कॉलेजात ईमान जातं का?

गेल्या जूनमधली गोष्ट. असरच्या नमाजनंतर मशिदीबाहेर चपला घालत होतो, तेवढ्यात आमच्या गल्लीतले एक चाचा जवळ आले. त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. मुलगी बारावी सायन्सला चांगल्या मार्कांनी पास झालेली. तिला पुण्यात जाऊन प्राणिशास्त्रात बी.एस्सी. करायचं आहे. मला वाटलं, हॉस्टेलच्या खर्चाचं किंवा स्कॉलरशिपच्या फॉर्मचं काही विचारायचं असेल. चाचांनी खिशातून मोबाइल काढला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एक क्लिप लावली. क्लिपमधला वक्ता सांगत होता की कॉलेजांत विज्ञानाच्या नावाखाली मुलांना नास्तिक बनवलं जातं आणि हे सगळं ठरवून चाललेलं आहे.

क्लिप संपल्यावर चाचा म्हणाले, "सर, बच्ची पुने गई तो ईमान हाथ से जाएगा क्या? तुम सच बोलो."

मी लगेच "नाही" म्हणू शकलो असतो. पण तेवढं उत्तर पुरेसं खरं झालं नसतं, कारण निरीश्वरवादानं शिक्षणसंस्थांचं नुकसान केल्याचे दाखले इतिहासात आहेत. "हो" म्हणणं तर सरळ खोटं झालं असतं. मी म्हटलं, "चाचा, आठ दिवस द्या. पढके बताता हूँ." त्या आठ दिवसांत जे वाचलं आणि आधीचं जे आठवलं, ते इथे लिहितो आहे. चाचांसाठी लिहितो आहे, आणि माझ्या वर्गातल्या इतर मुलामुलींच्या आईवडिलांसाठीही.

सुरुवात गावापासूनच करतो. आमचं खर्डा बाहेरच्यांना माहीत आहे ते १७९५ च्या लढाईमुळे. मराठे विरुद्ध निजाम. मुलांना किल्ला दाखवायला नेलं की एखादा तरी विचारतोच, "सर, आपण कोणाच्या बाजूचे?" मी सांगतो, बाळा, हा किल्ला बांधणारे निंबाळकर निजामाचे सरदार होते आणि पेशव्यांच्या फौजेत मुसलमान शिपाई होते. मग पोरगं गोंधळतं. पुस्तकात दोन रंगांचे बाण असतात, मैदानात माणसं मिसळलेली असतात.

'विज्ञान विरुद्ध धर्म' ही लढाईसुद्धा अशाच दोन बाणांनी काढून दाखवली जाते. एकीकडे नास्तिक शास्त्रज्ञ, दुसरीकडे आस्तिक जनता. चाचांच्या मोबाइलमधला वक्ता हेच सांगत होता, आणि गंमत म्हणजे काही कडवे नास्तिकही हेच सांगतात. माझ्या स्वतःच्या अनुभवात ही लढाई इतकी सरळ कधीच दिसली नाही.

मला शाळेत विज्ञान शिकवणारे सर उघड नास्तिक होते. देव, अल्लाह, नशीब, काहीच मानायचे नाहीत आणि कुणी विचारलं तर लपवायचेही नाहीत. पण रोजाच्या महिन्यात पी.टी.च्या तासाला मला सावलीत बसवायचे. जुम्याच्या दिवशी एक वाजला की फळ्याकडे तोंड ठेवूनच म्हणायचे, "जा रे, उशीर होईल." प्रकाशाचं परावर्तन मी त्यांच्याकडूनच शिकलो. पुढे बी.एड.ला गेलो तेव्हा एका तासाला शिक्षक सगळ्यांसमोर म्हणाले, जो दिवसातून पाच वेळा जमिनीला डोकं टेकवतो, तो मुलांना वैज्ञानिक दृष्टिकोन काय शिकवणार? वर्ग हसला. मी मान खाली घातली. वर्षभर त्या तासाला मी एकही प्रश्न विचारला नाही.

दोघेही नास्तिकच होते. एकाच्या वर्गात मी शिकलो, दुसऱ्याच्या वर्गात शिकायचं थांबलो. या दोघांत फरक नेमका कशाचा, तेच मला इतिहासात शोधायचं होतं.

महाराष्ट्रात हा शोध सुरू होतो गोपाळ गणेश आगरकरांपासून. जन्म १८५६, कऱ्हाडजवळचं टेंभू गाव, घरची गरिबी इतकी की शिक्षणासाठी पडेल ते काम केलं. टिळकांच्या बरोबरीनं त्यांनी पुण्यात शिक्षणाचं काम उभं केलं. 'केसरी' १८८१ मध्ये निघाला तेव्हा पहिले संपादक आगरकर. कोल्हापूर प्रकरणात दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. मिल आणि स्पेन्सर वाचून आगरकरांची मतं अशी झाली की धर्माची, देवाची, रूढीची कुठलीच गोष्ट तपासल्याशिवाय मानायची नाही. देवांची कल्पना माणसाच्या मनात कशी उपजली असेल, यावरही त्यांनी लिहिलं. १८८८ मध्ये 'सुधारक' काढला आणि त्यात हे सगळं छापलं. सनातन्यांनी चिडून जिवंत आगरकरांची प्रेतयात्रा पुण्याच्या रस्त्यांवरून काढली.

१८९२ मध्ये पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे वारले आणि हेच आगरकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. म्हणजे पुण्यातल्या एका मोठ्या कॉलेजच्या सर्वोच्च खुर्चीवर देव न मानणारा माणूस बसला. क्लिपमधल्या वक्त्याला हे कळलं असतं तर तो म्हणाला असता, बघा, तेव्हापासूनच कट आहे!

पण झालं काय? त्याच कॉलेजात संस्कृत शिकवलं जात राहिलं. 'सुधारक'च्या इंग्रजी बाजूचं काम पाहणारे गोपाळ कृष्ण गोखले तिथेच शिकवत होते आणि ते नास्तिक नव्हते. टिळक १८९० मध्ये संस्थेतून बाहेर पडले, त्यामागे आजीव सभासदांच्या मिळकतीचे आणि संस्थेच्या नियमांचे वाद होते. सुधारणांवरून दोघांचं जमत नव्हतं हे खरं, पण देव मानतात म्हणून कुणी टिळकांना बाहेर काढलं नाही. आगरकरांची मतं 'सुधारक'मध्ये छापली जायची आणि ज्याला पटत नसेल तो दुसऱ्या पत्रात त्यांना झोडपायचा. कॉलेजात नाव घालताना त्या मतांवर कुणाला सही करावी लागत नव्हती. १८९५ मध्ये, चाळिशीही न गाठता, आगरकर गेले. आम्ही भाषेचे शिक्षक त्यांचं नाव आणखी एका कारणानं घेतो. मराठी वाक्याचं पृथक्करण कसं करायचं, यावर 'वाक्यमीमांसा' हे पुस्तक लिहिणारे ते हेच. माझ्या वर्गात कर्ता-कर्म-क्रियापद शिकणारी उर्दू माध्यमाची पोरंसुद्धा त्या निरीश्वरवादी माणसाची थोडी देणेकरी आहेत.

आगरकरांनंतर काही वर्षांनी, १९०२ मध्ये, रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले येऊन 'सीनियर रँग्लर' झालेले पहिले भारतीय. बुद्धिवादी, धर्म न मानणारे, आणि तेही उघडपणे. त्यांनी सुमारे दोन दशकं कॉलेज सांभाळलं, पुढे लखनौ आणि पुणे विद्यापीठांचे कुलगुरू झाले. त्यांच्याच काळात फर्ग्युसनमध्ये धर्मानंद कोसंबी पाली शिकवायचे. बुद्धाचा शोध घेत गोव्यातून निघून श्रीलंकेत भिक्षू झालेला हा माणूस. नास्तिक प्राचार्याच्या कॉलेजात धर्मग्रंथांची भाषा शिकवली जात होती.

धर्मानंदांचे चिरंजीव दामोदर धर्मानंद कोसंबी. गणिती, इतिहासकार, मार्क्सवादी. ईश्वर मानणाऱ्यांतले नव्हेत. तेही फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला आले. पण त्याआधी ते कुठे होते माहीत आहे? अलिगढ मुस्लिम विद्यापीठात. सर सय्यदांचे नातू रॉस मसूद तेव्हा तिथे कुलगुरू होते. त्यांनी १९३० मध्ये आंद्रे वेल या तरुण फ्रेंच ज्यू गणितज्ञाला प्राध्यापक म्हणून आणलं आणि वेलनी कोसंबींना बोलावून घेतलं. मुसलमानांनी उभारलेल्या विद्यापीठात एक फ्रेंच ज्यू आणि गोव्याचा एक मराठी मार्क्सवादी गणित शिकवत होते. अलिगढची मशीद त्यामुळे ओस पडली नाही.

सर सय्यदांची गोष्टही इथे आठवते. त्यांच्या तफसीरवरून आणि निसर्गनियमांवरच्या मतांवरून उलेमांनी त्यांना 'नेचरी' म्हटलं, फतवे निघाले. त्यांनी स्वतःची मतं सोडली नाहीत, पण कॉलेजातलं धार्मिक शिक्षणही स्वतःच्या हातात ठेवलं नाही. आगरकर आणि सर सय्यद एकमेकांपासून किती दूर! एक देव न मानणारा, दुसरा पक्का मुसलमान. तरी एक गोष्ट दोघांना कळली होती, की माझं मत माझ्या लेखणीत राहील, कॉलेज सगळ्यांचं राहील.

आता उलट बाजूची एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर हिशेब अर्धा राहील. महाराष्ट्रात विचारांवरून नोकरी कुणाची गेली? रघुनाथ धोंडो कर्वे यांची. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव. मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. निरीश्वरवादी. १९२१ मध्ये त्यांनी संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. स्कॉटिश मिशनरी मंडळींच्या त्या कॉलेजला हे प्रचारकार्य मानवलं नाही आणि १९२५ मध्ये कर्व्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, त्यापायी खटले सोसले. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कर्व्यांची सगळी मतं मला पटत नाहीत, काही तर अजिबात नाहीत. पण गणिताच्या प्राध्यापकाला गणितात खोट काढून घालवलं असतं तर गोष्ट वेगळी होती. इथे नुकसान कर्व्यांचं झालं तसं गणित शिकणाऱ्या मुलांचंही झालं. आणि हे नुकसान आस्तिकांनी केलं होतं.

म्हणजे महाराष्ट्रात निरीश्वरवाद्यांनी कॉलेजं काढली, चालवली, आणि मार बहुतेक वेळा त्यांनीच खाल्ला. मग चाचांची भीती अगदीच निराधार का? नाही. ज्या देशात निरीश्वरवादाच्या हाती सरकारचा दंडुका आला, तिथे काय झालं तेही पाहायला हवं.

सोव्हिएत रशियात १९२५ मध्ये 'निरीश्वरवाद्यांचा संघ' निघाला आणि १९२९ मध्ये त्याच्या नावात 'लढाऊ' हा शब्द जोडला गेला. मासिकं, व्याख्यानं, संग्रहालयं झालेली प्रार्थनाघरं, शाळाशाळांतून देवाविरुद्ध प्रचार. सगळं सरकारच्या पाठबळानं. त्यांचा दावा होता की धर्म गेला की विज्ञान आपोआप फुलेल. फुललं का?

निकोलाय वाविलोव हे जगातल्या मोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञांपैकी एक. गहू, ज्वारी, बटाटा यांचं मूळ शोधत त्यांनी जगभरातून बियाणं गोळा केलं. त्यांचं काम उभं होतं आनुवंशिकतेच्या शास्त्रावर, आणि त्या शास्त्राचा पाया घातला होता ग्रेगोर मेंडेलनं. मेंडेल होता ख्रिस्ती मठातला साधू. मठाच्या बागेत वाटाण्याची रोपं लावून, दाणे मोजून त्यानं नियम काढले. लायसेंको नावाच्या कृषिशास्त्रज्ञानं आणि त्याच्या गटानं या शास्त्रावर जे शिक्के मारले त्यात 'भांडवली', 'भाववादी' यांच्याबरोबर पाद्र्यांचं शास्त्र हाही एक होता. वाटाणे खरे की खोटे, हे तपासायचं सोडून वाटाणे कुणी लावले ते बघितलं गेलं. वाविलोवना १९४० मध्ये अटक झाली आणि १९४३ च्या जानेवारीत ते सारातोवच्या तुरुंगात उपासमारीनं मेले. ज्या माणसानं जगाची भूक भागवायला बियाणं जमवलं, तो भुकेनं गेला. ऑगस्ट १९४८ मध्ये तर मेंडेलच्या शास्त्रावर अधिकृत बंदीच आली. प्राध्यापक काढले, प्रयोगशाळा बंद केल्या, पुस्तकं मागे घेतली. सोव्हिएत जीवशास्त्र एक पिढी मागे पडलं.

हे सगळं फक्त निरीश्वरवादानं केलं असं मी म्हणणार नाही. स्टालिनचं राजकारण होतं, शेतीतलं अपयश होतं, एका महत्त्वाकांक्षी माणसाची हाव होती. शिवाय लायसेंकोला भर सभेत उत्तर देणारा हर्मन मुलर हा अमेरिकन शास्त्रज्ञ स्वतः नास्तिक होता. तो वाविलोवबरोबर काम करायला मॉस्कोला गेला होता, त्याला तिथून निघून जावं लागलं. १९४६ मध्ये त्याला नोबेल मिळालं. म्हणजे इथेही मैदानात माणसं मिसळलेलीच. पण एक गोष्ट खरी. 'आम्ही देव मानत नाही, म्हणून आम्ही वैज्ञानिक' हे ज्यांनी एकदा धरून ठेवलं, त्यांना पुढे पुरावा तपासायची गरज उरली नाही.

आपल्याला जास्त जवळची गोष्ट मध्य आशियातली. समरकंद, बुखारा, ताश्कंद. १९२० च्या दशकात तिथे मदरसे बंद झाले, वक्फच्या जमिनी गेल्या. अरबी लिपी काढून आधी लॅटिन लिपी आणली, मग १९४० च्या सुमारास तीही काढून रशियन वळणाची सिरिलिक. बारा-पंधरा वर्षांत दोन लिप्या बदलल्या. आजोबांचं पत्र नातवाला वाचता येईना. मी दोन लिप्यांत शिकवणारा माणूस. रोज उजवीकडून डावीकडे आणि डावीकडून उजवीकडे लिहितो. लिपी गेली म्हणजे घरातलं काय काय जातं, ते मला समजतं.

तिथे 'जदीद' नावाची मुसलमान सुधारकांची चळवळ होती. नव्या पद्धतीच्या शाळा काढा, भूगोल-गणित शिकवा, मुलींना शिकवा, असं सांगणारे लोक. जुन्या मुल्लांशी त्यांचं भांडण होतं. यातले काही जण सुरुवातीला नव्या सरकारच्या बाजूनंही उभे राहिले. अब्दुर्रऊफ फितरत, कवी चोलपान, कादंबरीकार अब्दुल्ला कादिरी हे त्यांतलेच. ऑक्टोबर १९३८ मध्ये तिघांनाही गोळ्या घातल्या गेल्या. साक्षरता वाढली, मुलींच्या शाळा निघाल्या, विद्यापीठ आलं, हे सगळं खरं आहे आणि ते नाकारणं अन्यायाचं होईल. उलुग बेगच्या पंधराव्या शतकातल्या वेधशाळेचा सोव्हिएत सरकारनं गौरवही केला. पण उलुग बेग ज्या लिपीत लिहायचा ती वाचणारी सामान्य माणसं मात्र शाळेतूनच संपवली.

हे वाचून आपल्यातला कुणी म्हणेल, बघा, नास्तिकांचं राज्य असंच असतं. थांबा. आपल्या घरातली एक गोष्ट सांगतो.

हिजरी २१८, इसवी सन ८३३. बगदादचा खलिफा मामून. ग्रीक ग्रंथांची भाषांतरं करवून घेणारा, विद्येचा चाहता. त्याच्या दरबारात मुअतझिला पंथाचं वजन होतं आणि ते अक्लला, बुद्धीला, फार मान देणारे. मामूननं फर्मान काढलं की कुरआन 'मखलूक' म्हणजे निर्माण केलेला आहे, हे मत प्रत्येक काझीनं आणि आलिमनं मान्य करावं. जो मान्य करणार नाही त्याची चौकशी. याला इतिहासात 'मिहना' म्हणतात. इमाम अहमद इब्न हंबल यांनी नकार दिला. पुढच्या खलिफाच्या काळात त्यांना कोडे मारले गेले. काही वर्षांनी खलिफा मुतवक्किलनं ही चौकशी थांबवली. पण तोवर जनतेच्या मनात 'बुद्धिवादी' म्हणजे कोडे मारणारे, अशी गाठ बसली होती. मुअतझिलांचं पुढे जे मातेरं झालं त्यात त्यांच्या युक्तिवादांपेक्षा त्या कोड्यांचा वाटा मोठा असावा, असं मला वाटतं. मुअतझिला नास्तिक नव्हते, चांगले नमाजी होते. तरी बुद्धीच्या नावानं दंडुका उचलला की पहिला घाव बुद्धीवरच बसतो.

आणि याच संस्कृतीत दुसरंही उदाहरण आहे. अबू बकर राझी, मोठा हकीम. देवी आणि गोवर हे वेगळे आजार आहेत, हे नीट लिहून ठेवणारा. पैगंबरीविषयी त्याची मतं अशी सांगितली जातात की आज कुणी ती चौकात बोलला तर काय होईल सांगता येत नाही. अबू हातिम या आलिमनं त्याच्याशी वाद घातला आणि आपली बाजू पुस्तकात लिहून काढली. अल-बिरूनीला राझीचे धार्मिक विचार अजिबात पसंत नव्हते, तसं त्यानं स्पष्ट लिहिलं. आणि तरीही त्याच बिरूनीनं राझीच्या सगळ्या ग्रंथांची यादी मेहनतीनं तयार केली, इल्म हरवू नये म्हणून. राझीचं वैद्यक मुसलमान शतकानुशतकं शिकत राहिले.

इमाम गझालींनीही बजावून ठेवलं आहे की गणितासारखी सिद्ध झालेली गोष्ट नाकारून जो दीनची बाजू घेतो, तो दीनचा अडाणी मित्र आहे आणि त्याच्याकडून दीनचं नुकसानच होतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या क्लिपा बघताना मला हे फार आठवतं.

आता पुन्हा पुण्याला येऊ, कारण चाचांची मुलगी तिथे जाणार आहे.

जयंत नारळीकर कोल्हापूरचे. केंब्रिजला त्यांचे गुरू फ्रेड हॉयल हे पक्के निरीश्वरवादी होते. विश्वाची एका क्षणी सुरुवात झाली, ही कल्पना हॉयलना धर्मातल्या 'निर्मिती'सारखी वाटायची. 'बिग बँग' हे नाव त्यांनीच १९४९ मध्ये रेडिओवर बोलताना दिलं. त्या कल्पनेचा एक जनक जॉर्ज लमेत्र हा ख्रिस्ती पाद्री होता. १९५१ मध्ये पोपनी या सिद्धांताचा आधार धर्मासाठी घेतला, तेव्हा खुद्द लमेत्रला ते आवडलं नाही. त्याचं म्हणणं, माझं गणित धर्माच्या बाजूचं नाही आणि विरुद्धही नाही. पुढे पुरावे गोळा होत गेले ते हॉयलच्या विरुद्ध. नास्तिकाचं म्हणणं मागे पडलं, पाद्र्याचं पुढे आलं. निकाल आकाशानं दिला, अकीद्यानं नाही. नारळीकर आपला पर्यायी सिद्धांत शेवटपर्यंत मांडत राहिले, आणि तो मांडला म्हणून त्यांच्या खुर्चीवर गदा आली नाही. पुण्यातली 'आयुका' ही संस्था त्यांनीच उभी केली.

२००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं विद्यापीठांत फलज्योतिषाचे अभ्यासक्रम आणायचं ठरवलं. विरोध करणाऱ्यांत नारळीकर होते. २००८ मध्ये त्यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या सोबतीनं पुण्यात एक चाचणी घेतली. १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या, मिसळल्या, आणि ज्योतिषांना आवाहन केलं, प्रत्येकी ४० पत्रिका देतो, कुठली कुणाची ते ओळखा. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं प्रमाण सरासरी ४६ टक्के निघालं. नाणं उडवलं असतं तरी ५० च्या आसपास आलं असतं. यात कुणाच्या देवाला शिवी नव्हती. फक्त मोजणी होती.

दाभोलकरांनी देव-धर्माला सरसकट विरोध हे आपल्या समितीचं धोरण कधी ठेवलं नाही, शोषण करणाऱ्या अंधश्रद्धेला विरोध ठेवला. देवालाच निवृत्त करा म्हणणारे डॉ. श्रीराम लागू त्यांच्याच व्यासपीठावर यायचे, आणि दोघं श्रोत्यांसमोर आपसातला मतभेद बोलून दाखवायचे. २० ऑगस्ट २०१३ ला दाभोलकरांचा खून झाला. प्रश्न विचारणाऱ्याला गोळी घालणं काय असतं, ते ताश्कंदनं पाहिलं आणि पुण्यानंही पाहिलं.

चाचांच्या मुलीचा विषय प्राणिशास्त्र, म्हणजे उत्क्रांती येणारच. मी तिला सांगितलं, नीट शिक. उत्क्रांती मानायची म्हणजे अल्लाहला नाकारावंच लागतं, असं म्हणणारे दोन प्रकारचे लोक भेटतील, कडवे नास्तिक आणि कडवे मुल्ला. दोघांचं त्या एका वाक्यावर एकमत आहे. तुर्कस्ताननं २०१७ मध्ये उत्क्रांतीचा धडा शाळेतून काढला, आपल्याकडे २०२३ मध्ये दहावीच्या एनसीईआरटी पुस्तकातून तो गेला. पण १८८८ मध्येच त्रिपोलीच्या हुसेन अल-जिस्र या आलिमनं लिहून ठेवलं होतं की हे शास्त्र पक्कं सिद्ध झालं तर कुरआनच्या अर्थाशी त्याचा मेळ घालता येईल. आधी सिद्ध काय झालं ते बघा, घाबरू नका, असा त्याचा सूर.

१९७९ चं भौतिकशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. त्यातले स्टीव्हन वाइनबर्ग जाहीर नास्तिक आणि अब्दुस सलाम कुरआन वाचणारे. सलाम अहमदी होते, त्यांच्या अकीद्याशी आपल्यातल्या बहुतेकांचा मतभेद आहे, ते मी जाणतो. मला इथे एवढंच सांगायचं आहे की देव न मानणाऱ्यानं आणि मानणाऱ्यानं, एकमेकांपासून दूर बसून, एकच सिद्धांत मांडला आणि तो बरोबर निघाला.

आठव्या दिवशी मी चाचांच्या दुकानात गेलो. म्हटलं, चाचा, कॉलेजात नास्तिक प्राध्यापक भेटतील. आस्तिकही भेटतील. तो प्रश्न सोडून द्या. तिथे तुमची मुलगी हात वर करून "सर, मला हे पटत नाही" म्हणू शकते का, आणि तसं म्हणाल्यावर तिचे मार्क कापले जात नाहीत ना, एवढं बघा. जिथे हे चालतं तिथे ईमानही सुरक्षित आणि विज्ञानही. जिथे चालत नाही तिथे दोन्ही धोक्यात, मग चालवणारा दाढीवाला असो की नास्तिक. आपल्या संविधानात कलम २५ आहे, श्रद्धेचं स्वातंत्र्य देणारं. कलम २८ आहे, पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण नको म्हणणारं. आणि १९७६ पासून कलम ५१-क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे नागरिकाचं कर्तव्य म्हणून आहे. तिन्ही एकाच पुस्तकात आहेत, आणि ते पुस्तक तुमच्या मुलीचंही आहे.

चाचांनी वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "और किसी ने उसको हँसा तो? जैसा तुमको हँसे?"

बी.एड.ची गोष्ट मी त्यांना कधीतरी सांगितली होती, हे मीच विसरलो होतो.

याला माझ्याकडे कलम नव्हतं. मी म्हटलं, "हसतील कदाचित. मी गप्प बसलो होतो, ती माझी चूक होती. ती गप्प बसणार नाही अशी तयारी करून पाठवू."

चाचा म्हणाले, "फॉर्म की आखरी तारीख कब है?"

सोमवारी सकाळच्या एस.टी.नं आम्ही तिघं पुण्याला निघालो.